लॉन्ड्रीवालीचा आवाज

३ फेब्रुवारी

मिळालं! मिळालं! मिळालं!

जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले आणि तिसऱ्या मजल्यावर वकीलबाईंच्या कुंडीला लाथ बसली. कुंडी शाबूत आहे, माझा अंगठा टम्म सुजलाय. आईने दार उघडलं तर मला शब्दच फुटेना. जी लहानपणापासून बोलून पोट भरते तिला शब्द फुटेना! आई म्हणाली, "काय गं, कोण गेलं?" मी कसंबसं म्हटलं, "सिनेमा." ती म्हणाली, "बरं. आधी चपला काढ."

आजपासून रोजनिशी लिहायची. उद्या मुलाखत घ्यायला लोक येतील, "सुरुवात कशी झाली?" विचारतील, आणि माझा तारखांचा कायम घोळ. म्हणून लिहून ठेवते. वय वर्षे सात: आईची धाकटी बहीण, म्हणजे मावशी, मला स्टुडिओत घेऊन गेली, कारण त्या दिवशी मला सांभाळायला घरी कोणी नव्हतं. मावशी आवाज देते. पडद्यावर नटी ओठ हलवते, आवाज मावशीचा असतो. तीस वर्षांत तिने कोणाकोणाला दिला ते आम्हालाही माहीत नाही. आमच्या कामात तो नियमच आहे, कोणाला आवाज दिला ते घरातसुद्धा बोलायचं नाही. तर त्या दिवशी कार्टूनमधल्या एका चिचुंद्रीसाठी आणलेली मुलगी रडून रडून घरी गेली आणि माझी वर्णी लागली. तेव्हापासून सतरा वर्षं मी चिचुंद्री आहे.

भाजीवाली, बस कंडक्टर, शाळेच्या बाई, सगळ्यांनी माझ्याकडून तिचं "हात्तिच्या! एवढंच ना?" म्हणून घेतलेलं आहे. दाताच्या डॉक्टरांनी तर दाढ उपटायच्या आधी म्हणायला लावलं. तेराव्या वर्षी आवाज जाड व्हायला लागला होता, पण चिचुंद्री जाड आवाजाची कशी चालेल? मी तो वर धरून ठेवायला शिकले. आता धरावा लागत नाही, तो आपला आपण वरच राहतो. चेहरा मात्र कोणीही ओळखत नाही. म्हणजे ओळखत नव्हतं!

गेल्या आठवड्यात स्टुडिओच्या जिन्यात मी केळं खात बसले होते. डोक्यावर टोपी घातलेले एक गृहस्थ समोर थांबले आणि बघतच राहिले. मला वाटलं, सालीवरून बोलणार. ते निघाले दिग्दर्शक. म्हणाले, परीक्षा द्यायला या. आज गेले. एक टेबल होतं, त्यामागे मला बसवलं आणि म्हणाले, दारातून एक माणूस येईल, त्याच्याकडे नुसतं बघा. पाच वेळा बघितलं. मी विचारलं, "आणि संवाद?" ते म्हणाले, "संवादाचं नंतर बघू." एक अक्षर न बोलता मला मुख्य भूमिका मिळाली! आजवर कोणाला अशी मिळाली असेल का?

मावशीला सांगितलं तर ती पटकन म्हणाली, "लॉन्ड्रीवाली ना? भूमिका चांगली आहे." मी अजून भूमिकेचं नावसुद्धा काढलं नव्हतं. मावशीला माणसाच्या तोंडावरून सगळं कळतं.

६ फेब्रुवारी

संहिता परवा हातात आली. दोनदा वाचली, दोनदा रडले, तिसऱ्यांदा वाचताना आईने हाक मारली म्हणून राहिलं.

गोष्ट अशी. एक बाई लॉन्ड्री चालवते. भाऊ दहा वर्षांपूर्वी न सांगता निघून गेला. एक दिवस तो दुकानाच्या फळीसमोर येऊन उभा राहतो. ती त्याच्याकडे बघते आणि विचारते, "पावती आहे?" एवढंच. पुढे तीन पानांचा एक प्रसंग आहे, त्यात ती आई कशी गेली ते त्याला सांगते. आई चहा मागत होती, ही म्हणाली, दोन मिनिटं थांब, इस्त्री तापलीये. ती दोन मिनिटं. बास, पुढचं लिहीत नाही, वही भिजेल.

मावशीने संहिता वाचायला मागितली आणि कालचा दिवसभर ठेवून घेतली. वर आणि मलाच प्रश्न! "ही दिवसभर उभी असते की बसलेली?" "हिला शिक्षण किती?" "वाफेत राहून घसा कोरडा पडत असेल का ओला?" मी म्हटलं, "मावशी, काम मला मिळालंय की तुला?" ती हसली नाही. बहुतेक ऐकू गेलं नसावं.

माझ्या यशात किती मन घालते बघा. मला भरून आलं.

१२ फेब्रुवारी

आज सगळे गोल बसून वाचन. भावाचं काम करणारा नट चांगलाच नावाजलेला आहे. मी त्याला भाऊ म्हणायचं ठरवलंय, म्हणजे सवय लागेल.

मी पहिल्यांदा सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. आईचा प्रसंग वाचताना भाऊला खोकल्याची उबळ आली, तो उठून बाहेर गेला. सहायक मुलीने कागद तोंडासमोर धरला. टोपीवाले, म्हणजे दिग्दर्शक, टोपी डोळ्यांवर ओढून बसले होते. किती भारावले सगळे!

खरं सांगायचं तर एक शंका आली. भाऊ हसला तर नाही? पण तो प्रसंग हसायचा आहे का? आणि टोपीवाले नंतर स्वतः मला म्हणाले, "तुम्ही आवाजाची अजिबात काळजी करू नका. चेहरा सांभाळा." आवाजाची काळजी मी कधी केलीच नव्हती म्हणा. तेवढंच तर माझ्याकडे आहे.

२० फेब्रुवारी

चित्रीकरणाचा पहिला दिवस! क्रमवार लिहिते.

एक. लॉन्ड्री खरी आहे, फक्त महिनाभर भाड्याने घेतलीये. मालकीणबाईंनी मला इस्त्री धरायला शिकवली. शिकवता शिकवता माझ्या हातून एका कॉलरला पिवळा डाग पाडून घेतला आणि म्हणाल्या, "आता झालात लॉन्ड्रीवाल्या."

दोन. पहिला शॉट झाला, दुसरा झाला, आणि सहायक मुलगी किंचाळली. पहिल्या शॉटमध्ये मी चपला घालून होते, दुसऱ्यात अनवाणी! मला पत्ताच नाही. स्टुडिओत माईकसमोर जाताना आम्ही चपला दाराबाहेर काढतो, त्या वाजतात म्हणून. कॅमेऱ्यासमोर जाताना पाय आपोआप मोकळे झाले. सगळा शॉट परत घेतला. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

तीन. हे जास्त गमतीचं आहे. स्टुडिओत प्रत्येक वाक्याआधी कानात टूं टूं टूं असे तीन ठोके येतात आणि चौथ्या ठोक्याच्या जागी, जो वाजतच नाही, आपण बोलायचं. सतरा वर्षांची सवय. इथे टोपीवाले "ॲक्शन" म्हणाले की मी मनातल्या मनात तीन ठोके मोजते आणि मग बोलते. लाज वाटून मी कबूल करणारच होते, तेवढ्यात ते म्हणाले, "बोलण्याआधी काय थांबता हो तुम्ही! केवढा ठहराव आहे!" मी गप्प बसले. भाऊ मात्र वैतागला. म्हणाला, "बाई, तीन सेकंद मी तुमच्या तोंडाकडे बघत काय करू? पाढे म्हणू?"

चार. भाऊच्या शर्टाच्या आत आवाजवाल्या काकांनी छोटा माईक लावला. माझी पाळी आली तर म्हणाले, "तुम्हाला गरज नाही." ऐकलंत का, मुलाखत घेणाऱ्या लोकहो? नावाजलेल्या नटाला माईक लागतो, मला गरज नाही!

२ मार्च

आज आईच्या प्रसंगाचं चित्रीकरण झालं. मी जीव ओतला. मधेच शेजारच्या गल्लीत कोणीतरी भिंत फोडायला लागलं, धाड धाड धाड. मी थांबले. टोपीवाले म्हणाले, "थांबलात का? चालू द्या, चालू द्या." काकांनी तर कानावरचे हेडफोन काढून गळ्यात टाकले आणि डबा उघडला. त्यांचा केवढा विश्वास आहे माझ्यावर! चिचुंद्रीच्या वेळी बाहेर कबूतर घुमलं तरी परत घ्यायचे.

प्रसंग संपला तेव्हा मालकीणबाई दारात उभ्या राहून डोळे पुसत होत्या. त्या दूर होत्या, धाडधाडीत त्यांना एक शब्द ऐकू आला नसेल. तरी रडल्या.

९ मार्च

घरातली बातमी. मावशीने लोणचं सोडलं, दही सोडलं, दिवसभर कोमट पाणी पिते. विचारलं तर म्हणाली, "काम आहे." कामाबद्दल विचारायचं नाही हा नियम, म्हणून विचारलं नाही.

माझ्यात मात्र तिचा जीव अडकलाय. आज मला खुर्चीत बसवून आईचा प्रसंग तीनदा करून घेतला, तोही मुका! नुसते ओठ. म्हणाली, "'इस्त्री' म्हणताना तुझा जबडा डावीकडे जातो, ठाऊक आहे का तुला?" आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं. मी म्हटलं, "मावशी, तू माझं इतकं बघतेस, दुसरी कोण बघेल?" ती म्हणाली, "कोणीतरी बघावंच लागतं." आई मधेच कारण नसताना ओरडली, "ताट कोण उचलणार?" आईचा स्वभाव हल्ली चिडका झालाय.

एकच प्रसंग उरलाय चित्रीकरणाचा, "पावती आहे?" वाला. तो मुद्दाम शेवटी ठेवलाय. तोपर्यंत मधे सुट्टी. प्रदर्शनाची तारीख जवळ आल्यामुळे टोपीवाल्यांनी चित्रीकरणानंतरचं सगळं काम एकीकडे सुरूही केलंय म्हणे.

१६ मार्च

आज काय झालं ते नीट लिहायचं आहे.

चिचुंद्रीचे चार भाग करायला स्टुडिओत गेले. लवकर पोचले. मोठ्या खोलीवर लाल दिवा होता, म्हणजे आत ध्वनिमुद्रण चालू, म्हणून बाहेर काचेशी थांबले. आत पडद्यावर एक बाई इस्त्री करत होती. मी! एवढी मोठी! भिंतभर! माझी नाकपुडी ताटाएवढी! इतका आनंद झाला की मी काचेला नाक लावलं. डोळे बघा, हात बघा, म्हणत राहिले मनात. मी चांगली दिसते. खरंच चांगली दिसते.

मग पडद्यावरची मी बोलले. दाराच्या फटीतून आवाज आला आणि तो माझा नव्हता.

माईकसमोर मावशी उभी होती. अनवाणी. हातात ती वही. माझा जबडा डावीकडे गेला तेव्हा तिचाही गेला.

तिने मला पाहिलं. पाहिलं हे नक्की, कारण डोळे माझ्यावर आले. पण लाल दिवा चालू असताना कोणी थांबत नाही, घर जळत असलं तरी. तिने वाक्य पूर्ण केलं. मी चपला हातात घेऊन खाली पळाले. चिचुंद्रीचे चार भाग केले, चारही एका झटक्यात. "हात्तिच्या! एवढंच ना?" सहा वेळा म्हणायचं होतं.

१७ मार्च

बोलत नाही. तिच्याशी, आईशी, कोणाशीच.

माईकची गरज नाही. चेहरा सांभाळा. संवादाचं नंतर बघू. अहाहा! आणि मी बावळट ते सगळं इथे कौतुकाने लिहून ठेवलंय. पानं फाडणार होते. फाडत नाही. राहू देत, मुलाखतीत वाचून दाखवीन.

१८ मार्च

आईने आम्हा दोघींना टेबलाशी बसवलं, मधे चहा ठेवला आणि म्हणाली, "दोघी बोलण्यावर जगता आणि घरात मुक्या. बोला. मी बाजारात जाते." आणि गेलीसुद्धा. तिलाही सगळं माहीत होतं!

मावशीने आधी कप फिरवला. मग म्हणाली, "त्यांना तुझा चेहरा हवा होता. आवाज ऐकला की लोकांना चिचुंद्री आठवणार, दु:खाच्या जागी हसणार. ते म्हणाले, तुम्ही आवाज देत असाल तर मुलीला घेतो. मी हो म्हटलं."

मी म्हटलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"सांगायचं नसतं."

"मी कोण आहे गं तुझी? परकी?"

ती हळूच म्हणाली, "नाही म्हटलं असतं तर त्यांनी दुसरी मुलगी घेतली असती."

"आणि तुला दुसरं काम मिळालं असतं."

"असलं नसतं मिळालं," मावशी म्हणाली.

म्हणजे काय, ते मला कळलं नाही. काम काय, तिला ढीगभर मिळतं. मी चहा तसाच ठेवून उठले. उद्या शेवटचा प्रसंग आहे. जाणार. मला ठहराव नको, चेहरा सांभाळणं नको, काही नको. ठरलेलं काम आहे म्हणून जाणार आणि उरकून येणार.

१९ मार्च

गेले. कोणाला नमस्कार-चमत्कार केला नाही. काका म्हणाले, "बरं नाही का?" मी म्हटलं, "मला माईकची गरज नाही ना? मग झालं."

फळीमागे उभी राहिले. मालकीणबाईंनी कपड्यांचा खरा ढीग समोर ठेवला होता. "ॲक्शन." भाऊ दारातून आला, फळीला टेकला, हसला. ते हसू बघून माझं डोकं फिरलं. सगळे असेच हसतात आणि सांगत कोणी काही नाही! मी काही मोजलं नाही. ठोके नाहीत, चौथी जागा नाही. खालून, पोटातून कुठून तरी आलं, "पावती आहे?"

तो माझा आवाज होता की नाही, कोण जाणे. असा मी कधी काढला नव्हता. जाड, खडबडीत, जरासा फाटका.

भाऊचं वाक्य होतं, "तू ओळखलं नाहीस?" तो ते विसरला. नुसता बघत राहिला आणि त्याचे डोळे भरले. मी हात पुढे केला, पावतीसाठी. तेही लिहिलेलं नव्हतं. टोपीवाले "कट" म्हणायचे विसरले. शेवटी कॅमेऱ्यातली जागा संपली तेव्हा थांबलो.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काकांनी हेडफोन कानावर दोन्ही हातांनी दाबून धरले होते. मग टोपीवाल्यांना म्हणाले, "साहेब, हे आलंय." भाऊ फळीला अगदी टेकला होता. त्याच्या शर्टातल्या माईकमध्ये माझे दोन शब्द स्वच्छ आले होते.

घरी येताना मी तेच दोन शब्द पुटपुटत होते. समोरून येणाऱ्या एका बाईंनी पिशवी छातीशी धरली.

२३ मार्च

पुन्हा जिना! पुन्हा दोन-दोन पायऱ्या! ह्या वेळी कुंडी वाचवली.

टोपीवाल्यांनी बोलावलं होतं. म्हणाले, शेवटच्या प्रसंगाला आवाज द्यायला मावशी कालच स्टुडिओत गेली. त्यांनी तिला आधी काकांनी टिपलेलं ऐकवलं. मावशीने ते दोनदा ऐकलं, वही बंद केली आणि म्हणाली, "हे मी करणार नाही. हे झालेलं आहे. झालेल्यावर परत करायचं नसतं." ते म्हणाले, पण मग बाकीचा सिनेमा तुमच्या आवाजात आणि शेवटचे दोन शब्द दुसऱ्या आवाजात, असं कसं चालेल? मावशी म्हणाली, "नाहीच चालणार. तिच्याकडून सगळं करून घ्या. ह्या आवाजात." आणि चपला घालून निघून आली.

मी करणार! अख्खा सिनेमा! माझ्या तोंडात माझा आवाज! टोपीवाल्यांनी टोपी काढली, पहिल्यांदाच. टक्कल आहे. म्हणाले, "माझी चूक झाली. मला तुमचा आवाज माहीत आहे असं वाटलं होतं." मी म्हटलं, "मलाही तसंच वाटलं होतं." चांगलं उत्तर दिलं की नाही? आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर सुचलं.

घरी मावशी मटार सोलत होती. "ठरलं ना?" म्हणाली. मी तिला मिठी मारली, मटार घरभर गेले. सगळा राग कुठच्या कुठे पळाला. आई केर काढता काढता म्हणाली, "कानामागून आली आणि तिखट झाली." आम्ही तिघीही हसलो. मावशी जरा उशिरा हसली. दमली असेल. महिनाभर पथ्य पाळत होती बिचारी, आता तरी लोणचं खा म्हटलं. तिने नको म्हणून मान हलवली.

२९ मार्च

आज पहिला दिवस, माझा माझ्यासमोर.

इतके दिवस चिचुंद्रीच्या, मांजरांच्या, राक्षसिणींच्या ओठांवर शब्द बसवले, पण स्वतःच्या ओठांवर बसेनात. हसून हसून पुरेवाट झाली. चपला-अनवाणीचा प्रसंग दहाव्यांदा जमला. मधे तीनदा आवाज सवयीने वर पळाला आणि काचेपलीकडून काका ओरडले, "चिचुंद्री आली!" पण अकराच्या सुमारास सूर सापडला. सापडल्यावर असं वाटलं, आपल्याच घरात एक खोली आहे आणि आजवर कोणी कुलूप उघडलं नव्हतं. नाचावंसं वाटत होतं, पण वाजेल म्हणून नाचले नाही.

आवाज खाली ठेवायला कोणीतरी शिकवणारं हवं म्हणून टोपीवाल्यांनी मावशीलाही बोलावलं होतं. जेवणानंतर आईच्या प्रसंगाची पाळी आली. तिने केलेलं काम यंत्रावर होतं, त्याच्या जागी माझं जाणार होतं. मावशी म्हणाली, "काढून टाकण्याआधी एकदा ऐकवा. मी ते पूर्ण ऐकलेलं नाही."

लावलं. आम्ही काचेच्या बाहेरच्या बाजूला ओळीने बसलो, मी, मावशी, टोपीवाले, काका.

तीन पानं. भिंत फोडण्याचा आवाज नाही, काही नाही, नुसती लॉन्ड्रीवाली. "दोन मिनिटं थांब, इस्त्री तापलीये" हे वाक्य मी म्हणायचे तेव्हा रडून म्हणायचे. मावशीने ते साधं म्हटलं होतं, रोज शंभर वेळा म्हणतात तसं, थोडं कंटाळून. आणि मग नुसती इस्त्री फिरत राहते. मी माझ्याच चेहऱ्याकडे बघत होते आणि तो चेहरा माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा वाटत होता, त्याने दहा वर्षं खरंच कोणाची तरी वाट बघितली होती. काकांनी नाक शिंकरलं. मावशी हात मांडीवर ठेवून ऐकत होती, ओठ किंचित हलत होते. मला एकदम तिचं ते बोलणं कळलं, "असलं नसतं मिळालं." तीस वर्षांत तिला असलं मिळालं नव्हतं. चोपन्न वर्षांच्या बाईला आता मिळणारही नव्हतं.

संपलं. टोपीवाल्यांनी माझ्याकडे बघितलं, मावशीकडे नाही, माझ्याकडे. "मग?" म्हणाले.

इथे खरं लिहायचं असं ठरवलंय म्हणून लिहिते. मावशीचं माझ्यापेक्षा चांगलं आहे. थोडंथोडकं नाही, पुष्कळ. त्यांनाही ते कळलं होतं. मी "हे राहू द्या" म्हटलं असतं तर त्यांनी राहू दिलं असतं, शेवटच्या दोन शब्दांचं काहीतरी जमवून घेतलं असतं. शब्द माझ्या तोंडात आले होते. मला वाटतं मावशीला ते दिसले, ती आयुष्यभर लोकांच्या तोंडाकडेच बघत आलेली आहे. ती वाट बघत होती.

मी म्हटलं, "करू या."

मावशीने मान हलवली. काकांना म्हणाली, "काढून टाका." त्यांनी टाकलं, एक बटण, बास. मग ती उठली, माझ्याबरोबर आत आली, माईक माझ्या उंचीला खाली केला आणि म्हणाली, "'दोन मिनिटं'च्या आधी श्वास घे. नाहीतर शेवटाला पुरत नाही. मी दोनदा फसले तिथे."

मी घेतला. शेवटपर्यंत पुरला.